एवढ्याशा कामाला गॉगल कशाला?



मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्री साडेबारा वाजता दवाखान्याचं दार वाजलं. दारात चाळिशीचा एक माणूस, दोन्ही डोळ्यांवर ओला टॉवेल, बायकोने हाताला धरून आणलेला. शेजारच्या मुलाने मोटारसायकलवर बसवून आणलं होतं.

"डॉक्टर, डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं झालंय. उघडतच नाहीत."

"संध्याकाळपर्यंत चांगले होते हो," बायको म्हणाली. "जेवले, टीव्ही बघितला. अकरा वाजता झोपेतून उठले ते रडतच. मी तर घाबरले, आंधळे-बिंधळे झाले की काय."

मी एकच प्रश्न विचारला. "दुपारी वेल्डिंग केलंत का?"

"केलं. पण अगदी जरासं. घरच्या पिठाच्या गिरणीला बेस केला छोटासा. चार टाके मारले फक्त."

हा माणूस तळेगावच्या एका कंपनीत कामाला आहे. तिथे रोज हेल्मेट घालतो, गॉगल घालतो, सेफ्टी शूज घालतो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र रविवारी चप्पल, बनियन आणि उघडे डोळे. का? तर काम "अगदी जरासं" होतं.

आजचा लेख या दोन शब्दांच्या विरोधात आहे. पवनानगरात आणि आजूबाजूच्या गावांत इतकी वर्षं प्रॅक्टिस करताना मी मोठ्या कामांपेक्षा छोट्या कामांनी झालेल्या जखमा जास्त पाहिल्या आहेत. आणि प्रत्येक वेळी हीच सुरुवात ऐकली आहे: "काही नाही डॉक्टर, अगदी जरासं काम होतं."

छोटं काम म्हणजे नेमकं किती?

चला, मोजूनच बघू. एक फूट लांब-रुंद बेस. अँगलचे चार पाय, खाली चार आडव्या पट्ट्या, वर एक जाड प्लेट. म्हणजे आठ तुकडे आणि एक प्लेट. प्रत्येक तुकडा ग्राइंडरने कापायचा. कापल्यावर कडा घासायच्या. मग काटकोनात धरून टाके मारायचे. चौकट सरळ आहे का बघून पक्कं वेल्डिंग. मग वरची खपली हातोडीने ठोकून काढायची, पुन्हा ग्राइंडर फिरवून साफ करायचं, आणि रंग.

यात ग्राइंडर किती वेळा हातात आला? पंधरा-वीस वेळा. आर्क किती वेळा पेटला? टाके धरून तीसेक वेळा तरी. बेस एक फुटाचा असो की शंभर फुटांची शेड असो, ग्राइंडरची चकती तितक्याच वेगाने फिरते. आर्कमधून तेच किरण निघतात. ठिणगी तितकीच गरम असते. काम छोटं आहे हे फक्त तुम्हाला माहीत असतं. चकतीला नाही.

उलट माझं म्हणणं असं आहे की छोटं काम जास्त धोक्याचं. मोठ्या कामाला आपण तयारी करतो. जागा मोकळी करतो, माणूस जोडीला घेतो, तुकडा शिकंज्यात घट्ट पकडतो. छोट्या कामाला आपण तुकडा पायाखाली दाबतो, दुसऱ्या हातात ग्राइंडर घेतो आणि मुलाला सांगतो, "धर रे जरा इकडून."

"वेल्डिंग लागलं" म्हणजे काय झालं?

वेल्डिंगच्या उजेडात जे दिसतं ते कमी घातक आणि जे दिसत नाही ते जास्त. त्या उजेडासोबत अतिनील किरण निघतात. डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, जिला आपण बुबुळावरचा पारपटल म्हणतो, ती हे किरण शोषून घेते आणि तिचा वरचा नाजूक थर भाजतो. उन्हाने कातडी भाजते, तसंच. पण कातडीपेक्षा पारपटलात वेदनेच्या नसा कितीतरी जास्त आहेत, म्हणून माणूस कळवळतो.

मग लगेच का दुखत नाही? कारण भाजलेल्या पेशी मरून गळायला वेळ लागतो. साधारण सहा ते बारा तास. म्हणून दुपारचं वेल्डिंग मध्यरात्री उठवतं. आणि म्हणूनच काम करताना माणसाला वाटतं, "बघ, काही झालं का?" झालेलं असतं. फक्त कळलेलं नसतं.

टाका मारताना ढाल बाजूला ठेवून "डोळे मिटून मारतो" असं अनेक जण सांगतात. आर्क आधी पेटतो, पापणी नंतर मिटते. प्रत्येक टाक्याला थोडी थोडी मात्रा डोळ्यांत जाते आणि त्या दिवसाच्या सगळ्या मात्रांची बेरीज होते. तीस टाके म्हणजे तीस हप्ते. बाजूला उभ्या बघ्याच्या डोळ्यांतही ते जातात. विशेषतः लहान मुलांच्या, कारण त्यांना तो निळा उजेड फार आवडतो.

दिलासा एवढाच, की साधं वेल्डिंग लागलेलं बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांत बरं होतं. पण त्या तीन दिवसांत आपण जे उद्योग करतो, ते बरं होण्याच्या आड येतात. बटाट्याच्या चकत्या, कोरफडीचा गर, गुलाबपाणी, गाईचं दूध, बाळंतिणीचं दूध, मध. हे सगळं भाजलेल्या, उघड्या पडलेल्या पारपटलावर. जंतूंना याहून चांगलं निमंत्रण कोणतं असणार?

याहून वाईट म्हणजे मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले थेंब. दोन प्रकार फार धोक्याचे आहेत. एक, डोळा बधिर करणारे थेंब. टाकले की स्वर्ग. डॉक्टर तपासताना एकदा टाकतात ते ठीक. पण घरी पुन्हा पुन्हा टाकले तर पारपटल भरून येत नाही, तिथे व्रण होतो, आणि वेदना नसल्यामुळे कळतही नाही. दुसरे, स्टेरॉइडचे थेंब. लाली झटकन जाते, पण आत जंतूचा किंवा बुरशीचा संसर्ग असेल तर तो पेट घेतो. "मागच्या वेळी हेच दिले होते, लगेच बरं वाटलं" म्हणून जुनी बाटली काढू नका.

मग करायचं काय? अंधाऱ्या खोलीत पडून राहा. मिटलेल्या पापण्यांवर स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवा. डोळे चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. वेदनेची साधी गोळी, आणि डॉक्टरांनी तपासून दिलेले वंगणाचे व अँटिबायोटिक थेंब किंवा मलम. एक दिवसात उतार पडला नाही, दिसणं अंधूक झालं, किंवा एकाच डोळ्यात जास्त दुखत असेल, तर नेत्रतज्ज्ञच. एका डोळ्यात दुखणं म्हणजे बहुधा वेल्डिंग नव्हे, कण.

ताशी दोनशे किलोमीटर

आता ग्राइंडर. घरोघरी असतो तो चार इंची. चकतीचा व्यास १०० मिलिमीटर, वेग मिनिटाला साधारण ११,००० फेरे. हिशेब करा. चकतीची कड सेकंदाला ५७ मीटरच्या वर धावते. म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून जास्त. आपल्या एक्सप्रेसवेवर सपाट रस्त्याला गाडीची मर्यादा ताशी १०० आहे. तुमच्या नाकापासून दीड फुटावर त्याच्या दुप्पट वेगाने एक पातळ चकती फिरत असते, आणि ती राळेने चिकटवलेल्या खड्यांची बनलेली असते. तिला तडा गेला, किंवा ती तुकड्यात अडकली, तर ती त्याच वेगाने तुकडे फेकते किंवा अख्खा ग्राइंडर तुमच्याकडे उसळतो.

हे होऊ नये म्हणून कंपनीने चकतीवर अर्धगोल लोखंडी गार्ड दिलेला असतो. आपण पहिलं काम काय करतो? गार्ड काढतो. "कापताना दिसत नाही." "कोपऱ्यात जात नाही." आणि खरं कारण, "मोठी चकती बसत नाही." चार इंची मशीनवर सात इंची चकती बसवली तर तिची कड सेकंदाला १०० मीटरच्या वर जाते. चकतीवर छापलेली मर्यादा बहुतेक वेळा ८० असते. ती छापलेली आहे, वाचा. चकतीच्या मधल्या लोखंडी कडीवर वापरण्याची मुदतही ठोकलेली असते, तीही वाचा. औषधाची एक्सपायरी बघणारी माणसं चकतीची एक्सपायरी बघत नाहीत. मावळातल्या पावसाळ्यात ओल्या शेडमध्ये पडून राहिलेली चकती तर बघायचीच नाही, टाकून द्यायची.

ग्राइंडरचे कण डोळ्याच्या पारपटलावर रुततात. लोखंडाचा कण असेल तर काही तासांतच त्याच्याभोवती गंजाचं कडं धरायला लागतं. मग आपले मित्र मदतीला येतात. कुणी रुमालाचं टोक फिरवतो, कुणी काडेपेटीची काडी, कुणी चुंबक धरतो. "आमच्या गावात एक जण जिभेने काढतो" असंही मी ऐकलंय. कण निघतो कधी कधी. ओरखडा आणि जंतू आत राहतात.

माझी चूक

दुसऱ्यांना बोलतो आहे, तर स्वतःचंही सांगितलं पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एक तरुण आला होता. पर्यटकांची जीप चालवायचा. जुन्या लोखंडी बेसचा गंजलेला बोल्ट निघत नव्हता म्हणून छिन्नी लावून हातोडीने ठोकत होता. "डोळ्याला काहीतरी टचकन लागलं, डॉक्टर." डोळा जरासा लाल. दुखणं फारसं नाही. दिसतंय व्यवस्थित. मी बॅटरीने पाहिलं, कण दिसला नाही. डोळा धुतला, थेंब दिले, घरी पाठवलं.

चौथ्या दिवशी तो आला तेव्हा डोळा सुजलेला आणि नजर धुरकट. पुण्याला पाठवला. डोळ्याच्या आत लोखंडाची कपची सापडली, तिच्याभोवती पू झालेला. ऑपरेशन झालं. डोळा राहिला, नजर गेली. आज त्या डोळ्याने त्याला समोर धरलेली बोटं मोजता येतात, तेवढंच. जीप गेली. आता तो भावाच्या दुकानात बसतो. मला भेटला की नमस्कार करतो, आणि मला दर वेळी तो नमस्कार जड जातो.

मी त्याला "दुखतंय का?" विचारलं. "काय करत होतास?" हे त्याने स्वतःहून सांगितलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. लोखंडावर लोखंड ठोकताना उडालेली कपची इतकी बारीक आणि वेगवान असते की ती डोळ्यात शिरते आणि जखम बाहेरून दिसतही नाही. वेदना कमी, नजर सुरुवातीला चांगली. म्हणून नियम असा: छिन्नी-हातोडी किंवा ग्राइंडर चालवताना डोळ्याला टचकन लागलं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ आणि एक्स-रे किंवा सीटी स्कॅन. एमआरआय नाही. त्यातला चुंबक आतली कपची हलवतो. अशा डोळ्याला दाबायचं नाही, चोळायचं नाही, मलम भरायचं नाही. वरून कागदी कप चिकटवायचा आणि निघायचं. पोटात काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं.

हा लेख मी का लिहितोय, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

सोमवारचा ताप

पाईप स्वस्तात मिळाला म्हणून जीआय पाईपचा बेस करणारे बरेच. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळतं आणि पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, कोरडा खोकला, तोंडाला धातूची चव. हुबेहूब हिवतापासारखं. एक-दोन दिवसांत आपोआप उतरतं. रविवारी काम केलं की सोमवारी सुट्टी.

पावसाळ्यात असा रुग्ण आला की डॉक्टर रक्त तपासतो, डेंग्यू बघतो, सलाईन लावतो. रुग्ण सांगत नाही की काल पाईप जोडला, कारण त्याला त्याचा संबंध वाटत नाही. डॉक्टर विचारत नाही, कारण त्याला घाई असते. दोघांचे पैसे आणि वेळ वाया. दम लागत असेल, छाती भरली असेल किंवा ताप दोन दिवसांवर गेला, तर मात्र तो साधा धुराचा ताप समजून घरी बसू नका.

दूध प्यायलं की धूर निघून जातो, असं कारागीर एकमेकांना सांगतात. दूध जठरात जातं, धूर फुफ्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. गूळ खाल्ल्यानेही नाही. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. त्याच गटात तंबाखूचा धूरही आहे. एका बेसने कर्करोग होत नाही, उगाच घाबरू नका. पण गावातला फॅब्रिकेटर बंद गाळ्यात वीस-वीस वर्षं तो धूर घेतो, त्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

पाऊस, करंट आणि आग

आपल्याकडे जून ते सप्टेंबर जमीन वाळत नाही. वेल्डिंग मशीन आर्क पेटण्याआधी ५० ते ८० व्होल्ट देतं. कोरड्या माणसाला हे फारसं जाणवत नाही. घामाने भिजलेल्या, ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. आणि मशीनला येणारी वीज तर २३० व्होल्टची. ती कित्येक घरांत मीटरजवळ वायर अडकवून, अर्थिंगशिवाय, सोललेल्या केबलला टेप गुंडाळून घेतलेली असते. पाऊस आत येत असेल तर बेस आठ दिवसांनी करा. गिरणी आठ दिवस जमिनीवर राहिली म्हणून दळायचं थांबत नाही.

उन्हाळ्यात उलटं. गवत वाळलेलं, शेजारी पेंढ्याची गंजी, शेडमध्ये मोटारसायकल, रंगाचा डबा, थिनर. ठिणगी कित्येक फूट उडते आणि फटीत जाऊन तासभर धुमसू शकते. ११ एप्रिल १९९६ रोजी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विमानतळावर छतावरच्या रस्त्याच्या सांध्याला वेल्डिंग चालू होतं. तापलेलं लोखंड खालच्या थर्माकोलसारख्या थरात गेलं, आग लागली, १७ माणसं गेली. २१ जानेवारी २०२१ रोजी आपल्या पुण्याजवळ मांजरीला सीरम इन्स्टिट्यूटच्या इमारतीत आग लागून ५ कामगार गेले, तेव्हाच्या पहिल्या माहितीतही वेल्डिंगच्या ठिणगीची शक्यता सांगितली गेली होती. मोठी इमारत जळायलाही ठिणगी छोटीच लागते.

आणि एक कायमचं: डिझेलचा, तेलाचा किंवा रंगाचा "रिकामा" ड्रम कापायचा नाही, जोडायचा नाही. आत वाफ उरलेली असते. तो बॉम्बसारखा फुटतो.

तुमचं म्हणणं आणि माझं उत्तर

*"आमचे काका चाळीस वर्षं वेल्डिंग करतायत, कधी गॉगल घातला नाही, काही झालं नाही."* काका भेटतात म्हणून काकांचं उदाहरण मिळतं. ज्यांचं झालं ते धंदा सोडून गेले, ते पारावर बसून गोष्ट सांगत नाहीत. शिवाय काकांना एकदा माझ्याकडे पाठवा. ऐकू कमी येतं का, चालताना धाप लागते का, बघतो.

*"गॉगलमधून नीट दिसत नाही."* हे खरं आहे. ओरखडे पडलेला, घामाने धुरकटलेला गॉगल त्रासच देतो. मग नवा घ्या. शे-दीडशे रुपयांत बाजूने बंद असलेला बरा गॉगल मिळतो. दोन-तीन हजारांचा ग्राइंडर घेताना तुम्ही घासाघीस करून एक चकती फुकट मागता. त्याऐवजी गॉगल मागा.

*"उन्हाचा काळा चष्मा आहे ना."* तो वेल्डिंगला चालत नाही. घरगुती कामाला साधारण १० नंबरची काळी काच लागते, आणि चेहरा व मान झाकणारी ढाल किंवा हेल्मेट. आणि वेल्डिंगच्या काचेतून ग्राइंडरचं काम दिसत नाही, म्हणून दोन वस्तू वेगळ्या लागतात.

*"मी लगेच टीटीचं इंजेक्शन घेतो."* घ्या, चांगलं आहे. आता त्याऐवजी टीडी देतात. मूळ कोर्स पूर्ण असेल तर दर दहा वर्षांनी, आणि घाण जखमेला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा. दर ओरखड्याला नको. पण ते धनुर्वातापासून वाचवतं. डोळा, बोट आणि फुफ्फुस वाचवणारं इंजेक्शन अजून निघालेलं नाही.

*"मग काय, घरी काही करूच नये का? सगळं कारागिराकडूनच करून घ्यायचं?"* असं मी म्हणतच नाही. हाताने काम करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. स्वतः बनवलेल्या बेसवर गिरणी ठेवण्यात जे समाधान आहे ते विकत मिळत नाही. शिवाय "कारागिराकडे द्या" म्हणजे काय? त्याचा डोळा त्याचा नाही का? माझा वाद काम करण्याशी नाही. कामाच्या आकारावर काळजी ठरवण्याशी आहे.

दोष एकट्याचा नाही

जखमी माणसाला "तुझाच हलगर्जीपणा" म्हणणं सोपं असतं. मी ते म्हणणार नाही, कारण यात इतरांचेही हात आहेत.

हप्त्यावर ग्राइंडर विकणारा दुकानदार चकत्यांचं पुडकं काउंटरवर ठेवतो, गॉगल मागच्या कपाटात. मोबाइलवर रील करणारा कारागीर चपलेवर बसून, गार्ड काढून, उघड्या डोळ्यांनी पाच मिनिटांत टेबल करून दाखवतो, आणि आपली मुलं तेच बघून शिकतात. पवना धरणाच्या काठावर तंबू, कॉटेज आणि झोपाळे उभे करणारे मालक "सुट्टीच्या आत पूर्ण कर" म्हणतात, पण कामावरच्या पोराला ढाल कोणी द्यायची हे ठरवत नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३५ खास डोळ्यांच्या संरक्षणासाठी होतं. उडणारे कण आणि अतितेज उजेड, दोन्ही त्यात लिहिलेले होते. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याचा. दोन माणसांचा गाळा आणि तुमच्या घरामागची शेड त्यात कुठेच नव्हती. तिथे कायदा पोचत नाही, इन्स्पेक्टर पोचत नाही. तिथे फक्त तुम्ही असता.

आणि आम्ही डॉक्टर. आम्ही डोळ्यात थेंब टाकतो, बोटाला टाके घालतो, ताप उतरवतो आणि पुढच्या रुग्णाला बोलावतो. "काल काय काम केलं?" हा एक प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात. मी त्या जीपवाल्या मुलानंतर तो प्रश्न एकदाही सोडलेला नाही.

उद्या काम काढण्याआधी

- ग्राइंडरला गार्ड आहे, चकती योग्य मापाची, मुदतीतली आणि तडा नसलेली आहे, हे बघा. नवी चकती बसवल्यावर मिनिटभर मोकळी फिरवा, तिच्या रेषेतून बाजूला उभे राहा.
- तुकडा शिकंज्यात किंवा क्लॅम्पने पकडा. पायाखाली नाही, मुलाच्या हातात नाही.
- कापताना गॉगल, जोडताना काळ्या काचेची ढाल, खपली ठोकताना पुन्हा गॉगल. गरम खपली डोळ्यात उडते, ही गोष्ट नेहमी विसरली जाते.
- सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, जुनी जीन्स, बंद बूट. नायलॉन-टेरिकॉट नको, ते वितळून कातडीला चिकटतं. वेल्डिंगला कातडी हातमोजे. ग्राइंडरला लोंबणारं काही नको: उपरणं, ओढणी, सैल बाही.
- जीआयवरचं जस्त सांध्याच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर आधी घासून काढा, तोंडाला एन-९५ मास्क लावून. काम मोकळ्या हवेत, वारा बाजूने घेऊन. रुमाल म्हणजे मास्क नव्हे.
- जमीन कोरडी, पायात रबरी सोल, मशीनला अर्थिंग, घरात करंट लागताच वीज तोडणारा स्विच.
- एक बादली पाणी, एक बादली वाळू. काम संपल्यावर अर्धा तास जागा सोडू नका.
- पेसमेकर असलेल्यांनी हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय आर्क वेल्डिंगच्या जवळ जाऊ नये.
- मुलं आणि बघे लांब.

आणि काही झालंच, तर: भाजलं तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. बोट तुटलं तर जखमेवर घट्ट दाब द्या. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात, तो प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात नको. इथून पुण्याला पोचायला दीड-दोन तास जातात, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांत त्याहून जास्त. म्हणून "बघू सकाळी" नको. गंभीर असेल तर १०८ ला फोन करा.

तो रात्रीचा रुग्ण तिसऱ्या दिवशी बरा होऊन आला. डोळे स्वच्छ होते. मोबाइलवर बेसचा फोटो दाखवला. काम खरंच छान होतं, पाय चारही एका पातळीत. मग म्हणाला, "डॉक्टर, वरची एक पट्टी राहिलीय. तेवढं काय, दोन टाके..."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"घेतलाय गॉगल," तो हसत म्हणाला. "हिने ग्राइंडरच्या वायरलाच बांधून ठेवलाय. आता पिन लावायची तर आधी गॉगलच हातात येतो."

इतक्या वर्षांत मी दिलेल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा हा उपाय चांगला आहे. आजच करा. गॉगल कपाटात, खिळ्याला, पिशवीत ठेवू नका. वायरला बांधा. आणि काम अगदी जरासं असेल, तर गाठ जरा जास्तच घट्ट मारा.